गार ठेवायचं औषध

लोहगडवाडी,
७ जुलै २०२४

प्रतीक्षाताई,

सप्रेम जय भीम. पाकिटावरचं माझं अक्षर बघून आधी घाबरली असशील आणि मग म्हणाली असशील, हिला फोन करायला काय झालं? तर ऐक. आमच्या वाडीत रेंज येते ती फक्त सासूबाईंच्या टपरीमागच्या कट्ट्यावर, आणि त्या कट्ट्यावर गडाला निघालेली पुण्या-मुंबईची मंडळी बुटाच्या नाड्या बांधत बसलेली असतात. त्यांच्या पुढ्यात उभी राहून मी 'ताई, परत संडासवाटे रक्त जायला लागलंय' असं मोठ्यानं कसं सांगू? कागदाला सांगायला लाज वाटत नाही. शिवाय तू माझी सख्खी मावसबहीण, त्यात उंदरांची आतडी तपासणारी. तुला कशाचीच किळस नाही.

तर रक्त परत सुरू झालंय. दीड-दोन वर्षांपूर्वी माझ्या मोठ्या आतड्याला आतून जखमा होतात असं निघालं, तेव्हा 'अल्सरेटिव्ह कोलायटिस' हे नाव तूच मला उच्चारायला शिकवलं होतंस. गेल्या थंडीत पंधरवड्याचं इंजेक्शन सुरू झालं आणि मी माणसांत आले. लोणावळ्यात हॉटेलच्या रिसेप्शनवर दिवसभर हसतमुख उभी राहत होते. आकाश जीप चालवायचा, आम्ही तिथंच खोली घेऊन होतो. मार्चमध्ये मामंजी गेले, सासूबाई एकट्या पडल्या, म्हणून आम्ही इकडे वाडीत राहायला आलो. मे महिन्यापासून माझं पोट बिघडलं ते बिघडलंच. नोकरी सुटली. आता मी टपरीवर भाकरीचं पीठ मळते आणि मधेच हात धुऊन पळते.

सासूबाईंना मी आत्या म्हणते, तुला माहीतच आहे. त्या स्वतःलाच बोल लावत बसतात. परवा डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "माज्याच हातच्या तिकटानं पोरीचं पोट जळालं. लोनावळ्यात बरी हुती." आता त्या माझ्यासाठी वेगळं, मऊ, बिनतिखटाचं रांधतात. ते इतकं बेचव असतं की आकाश माझ्याकडे दयेनं बघतो.

आणि त्यांनी तुला एक प्रश्न विचारायला सांगितलाय. "त्या सुईत असतंय तरी काय, ते तुज्या शिकल्याल्या बहिनीला इचार." डॉक्टरांना विचारायची हिंमत होत नाही, मागं रांग असते. तू सांग.

तुझी,
तेजू

---

हैदराबाद,
१६ जुलै २०२४

प्रिय तेजू,

तुझं पत्र बघून आमच्या प्रयोगशाळेतला शिपाईसुद्धा चकित झाला. इथं पाकिटातून फक्त बिलं येतात.

रक्त जातंय हे वाचून जीव टांगणीला लागला. आधी पुण्याच्या डॉक्टरांकडे जा. पुढच्या तारखेची वाट बघू नकोस. मी डॉक्टर नाही. माझी आई तर सगळ्यांना सांगते की पोरगी उंदीर पाळते.

आता आत्यांच्या प्रश्नाचं उत्तर. त्यांना असं सांग. आपल्या अंगात राखणदार पेशी असतात. त्या एकमेकींना सांगावा धाडतात. एक पेशी प्रथिनाचा कण सोडते, तो दुसरीच्या अंगावर जाऊन बसतो, आणि दुसरीला कळतं की जंतू आलाय, धावलं पाहिजे. या निरोप्या प्रथिनांमुळेच आपण जिवंत आहोत. जंतू मेला की सांगावे थांबतात आणि राखणदार घरी जातात. तुझ्या आतड्यात ते थांबतच नाहीत. कुणी आलेलं नसतं, तरी 'या, धावा' चालूच. राखणदार येतात, त्यांना चोर सापडत नाही, मग ते घरातलीच भांडीकुंडी फोडतात. तुझ्या जखमा त्या फोडाफोडीच्या आहेत. त्या निरोप्यांतल्या एका दांडग्याचं नाव टीएनएफ. तुझ्या सुईतलं औषध त्या टीएनएफला वाटेतच गाठून मिठी मारतं आणि पुढे जाऊ देत नाही. एवढंच असतं त्या सुईत.

आत्यांना हेही सांग की तिखटानं त्रास वाढतो, पण हा आजार तिखटानं झालेला नाही. त्यांचा त्यात काही दोष नाही.

मला वेगळीच भीती वाटते, आणि तुझ्यापासून लपवणार नाही. काही जणांच्या शरीराला हे औषधच परकं वाटू लागतं. मग शरीर त्याच्याविरुद्ध प्रथिनं तयार करतं आणि चांगलं लागू पडलेलं औषध काही महिन्यांत निकामी होतं. तुझं तसं झालं असावं. मी गेली चार वर्षं हेच उंदरांत बघतेय. डॉक्टरांना विचार.

मऊ भात खा. आकाशला म्हणावं दया दाखवण्यापेक्षा तूही तेच खा.

प्रतीक्षाताई

---

लोहगडवाडी,
४ ऑगस्ट २०२४

ताई,

तू म्हणालीस तसंच झालं. पुण्यात कॅमेऱ्यानं तपासणी झाली. डॉक्टर चांगले आहेत, पण त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे न बघता आकाशकडे बघून सांगितलं. औषध लागू पडेनासं झालंय. आतडं आतून सगळं सुजलंय, वजन उतरलंय, रक्त कमी झालंय. दुसरं औषध बघत बसण्याइतका वेळ नाही असं त्यांना वाटतं. सप्टेंबरच्या अखेरीला मोठं आतडं काढून टाकायचं आणि पोटावर पिशवी लावायची. पुढं कदाचित ती काढता येईल, कदाचित नाही.

मला भीती वाटते गं. मी अठ्ठावीस वर्षांची आहे. तिथल्या नर्सनं पिशवी दाखवली, हात लावून बघा म्हणाली. मी लावला नाही. लोक पिशवी घेऊन जगतात, नोकऱ्या करतात, हे मला समजतं. पण मला माझं आतडं हवंय. ते माझं आहे.

येताना कार्ला फाट्याला आकाशनं गाडी थांबवून चहा आणला आणि माझ्या हातात कप देताना त्याचाच सांडला.

आत्यांना आम्ही ऑपरेशनचं सांगितलं. त्या नुसत्या उठल्या आणि चुलीपाशी जाऊन बसल्या. ताई, सासू असावी तर अशी असावी. तुला एक गंमत सांगते म्हणजे कळेल. औषधाच्या दुकानात बजावून सांगितलं होतं की हे गार ठेवायचं, उन्हात न्यायचं नाही. घरातला फ्रिज जुना, त्यात पावसाळ्यात इकडची वीज गेली की दिवस दिवस येत नाही. आत्या म्हणाल्या, एवढं मोलाचं औषध त्या फ्रिजच्या भरवशावर नको. आम्ही आलो त्याच आठवड्यात त्यांनी सगळी खोकी टपरीवरच्या कुल्फीच्या पेटीत तळाशी ठेवली, फडक्यात गुंडाळून. पेटी वीज गेली तरी दुसऱ्या दिवसापर्यंत टणक असते ना. गिऱ्हाइकाचा हात लागू नये म्हणून वर कुल्फ्यांचा थर. सुईच्या दिवशी पावसात टपरीवर जातात, खोकं काढतात आणि पदराखाली धरून घरी आणतात. ते दगडासारखं घट्ट झालेलं असतं. मग ते मांडीवर घेऊन बसतात, हातांनी ऊब देत देत, पार पाणी होईपर्यंत. तोवर कुणाशी बोलत नाहीत. मग आकाश टोचतो.

एवढं माझं कुणी केलंय का कधी? माझ्या आईनंही नाही केलं. आणि तरी औषधानं पाठ फिरवली. माझं नशीबच फुटकं.

ऑपरेशनला तू येशील ना? ये.

तेजू

---

हैदराबाद,
९ ऑगस्ट २०२४

तेजू,

पत्र वाचता वाचता उभी राहिले. तुझा फोन लागेना, आकाशचा लागला. त्याला एवढंच म्हणाले की पेटीतली एकही सुई आता वापरू नका आणि उद्याच्या उद्या डॉक्टरांना गाठा. तो 'का? का?' करत होता तेवढ्यात फोन तुटला. म्हणून सगळं नीट लिहून स्पीडपोस्टानं पाठवतेय.

ते औषध गार ठेवायचं असतं, गोठवायचं नसतं. खोक्यावर बारीक इंग्रजी अक्षरांत तसं छापलेलं असतं. ते औषधही प्रथिनच आहे, मी मागं लिहायला हवं होतं. प्रथिनाची शक्ती त्याच्या घडीत असते. त्या घडीमुळेच ते टीएनएफला बरोबर धरतं. बर्फ झाला की घडी विस्कटते. उकडलेलं अंडं जसं परत कच्चं होत नाही, तशी ती घडी परत बसत नाही. वितळल्यावर औषध पाण्यासारखं स्वच्छ दिसतं, म्हणून कुणाला कळत नाही.

लोणावळ्यात औषध तुझ्या हॉटेलच्या फ्रिजात होतं. तेव्हा तू बरी होतीस. वाडीत आलीस, ते कुल्फीच्या पेटीत गेलं, आणि मे महिन्यात रक्त सुरू झालं. तेजू, कदाचित तुझ्या शरीरानं औषध नाकारलेलंच नाही. कदाचित तुला औषध मिळतच नव्हतं.

'कदाचित' हा शब्द मी मुद्दाम दोनदा लिहिला. खात्री रक्त तपासूनच होईल. औषध रक्तात किती उरलंय आणि त्याच्याविरुद्ध शरीरानं काही तयार केलंय का, दोन्ही कळतं. डॉक्टरांना पेटीचं सगळं सांगा, काही न लपवता. ऑपरेशनचं काय करायचं ते तेच ठरवतील.

मी एवढी शिकले, तुला राखणदार पेशी आणि सांगावे शिकवत बसले, आणि औषध कुठं ठेवतेस हे विचारलं नाही. कपाळावर हात मारून घेतला.

आत्यांवर रागावू नकोस, हे लिहायची गरज नाही ना?

ताई

---

लोहगडवाडी,
१ सप्टेंबर २०२४

ताई,

तुझ्या तोंडात साखर पडो. कुल्फी नको, साखरच.

डॉक्टरांना आकाशनं पेटीचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "हे विचारायला हवं होतं आम्ही." रक्त तपासलं. औषध रक्तात जवळजवळ नव्हतंच. आणि त्याच्याविरुद्ध शरीरानं काही उभं केलेलं, तेही अगदी थोडं. डॉक्टरांनी ऑपरेशन पुढं ढकललंय. रद्द नाही, पुढं. मला आठवडाभर भरती करून घेतलं, सलाइन लावलं, आणि तिथल्या फ्रिजातली नवी सुई दिली. आता काही आठवडे वाट बघायची. रोज संडासातून बाहेर येताना माझा चेहरा बघून आकाश निकाल ओळखतो. अजून रक्त आहे, पण कमी आहे.

नव्या सुया लोणावळ्याच्या औषधवाल्यानं आपल्याकडे ठेवून घेतल्यात. त्याच्याकडे बॅटरी आहे. सुईच्या दिवशी आकाश मला तिकडेच नेतो, तिथली नर्स टोचते.

आत्यांना मी काही सांगितलेलं नाही. आणि सांगणारही नाही. डॉक्टरांनी औषध बदललं, नवीन औषध तिकडंच घ्यावं लागतं, असं म्हटलंय. आकाशनंही मान डोलावली. त्याला खोटं बोलता येत नाही, तो लगेच जीप धुवायला गेला. पण ताई, ज्या हातांनी त्यांनी ती खोकी मांडीवर धरली, त्या हातांना मी काय सांगू? की याच हातांनी माझं आतडं जायची वेळ आली? त्या मरतील गं.

तेजू

---

हैदराबाद,
१२ सप्टेंबर २०२४

प्रिय तेजू,

रक्त कमी झालं हे वाचून मी उंदरांच्या पिंजऱ्यासमोर रडले. त्यांनी काही विचारलं नाही.

पण दुसरी गोष्ट मला पटत नाही. आत्यांना सांग. आज नाही, तर तुला जरा ताकद आल्यावर. तू म्हणतेस मी त्यांना वाचवतेय. मला वाटतं तू स्वतःला वाचवतेस, त्यांचा चेहरा बघण्यापासून. त्यांनी नवरा पुरला, टपरी उभी केली. त्या एका गोष्टीनं मरणाऱ्या बाई नाहीत. आणि खोटं एकदा घरात आलं की त्यालाही रोज जेवू घालावं लागतं.

मी लांबून बोलतेय, कबूल. सासू तुझी आहे. बघ.

प्रतीक्षाताई

---

लोहगडवाडी,
२० ऑक्टोबर २०२४

ताई,

आधी चांगलं. रक्त थांबलंय. पूर्ण. परवा मी अर्धा गड चढून गेले आणि मधे कुठं पळावं लागलं नाही. डिसेंबरमध्ये पुन्हा कॅमेरा, तेव्हा ऑपरेशनचं कायमचं ठरेल.

आता वाईट. ते मी केलं.

मी बरी होत गेले आणि आत्या गप्प होत गेल्या. मला वाटलं मामंजींची आठवण येत असेल. पावसाळाभर वर्षावासाच्या ग्रंथवाचनाला विहारात रोज जायच्या, तिथंही जाईनाशा झाल्या. माझ्यासाठी वेगळं रांधायचं बंद केलं. मी विचारलं तर म्हणायच्या, "तुजं तू बघ बाई, तुला कळतंय." काल मी सुईसाठी निघाले, तर दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "येक इचारू? माज्या हातचं इटाळलं का गं तुला?"

ताई, आपल्या घरात, आपल्या माणसाच्या तोंडून, हा शब्द. मला त्याचा अर्थ कळतो, पण मी तो कधी भोगलेला नाही. त्यांनी भोगलाय.

मी तिथंच उंबऱ्यावर बसले आणि सगळं सांगितलं. पेटी, बर्फ, रक्ताची तपासणी, खोटं, सगळं. आकाश जीपमधून बघत होता. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "म्हंजी मीच?" आणि त्या आत गेल्या. आज टपरी उघडली नाही. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून आहेत. जेवल्या नाहीत. मी दोनदा जाऊन शेजारी बसले, त्यांनी हात धरू दिला.

तू म्हणालीस तेव्हाच सांगायला हवं होतं. आता काय करू ते कळव.

तेजू

---

लोहगडवाडी,
१५ डिसेंबर २०२४

प्रतीक्षाताई,

जय भीम. मी आकाश. आई सांगतेय, मी लिहितोय. तिनं दम दिलाय की एक शब्द इकडचा तिकडं करायचा नाही, तर जसंच्या तसं उतरवतो.

पोरी, मी भागुबाई. तुला मी येकदाच बगितली, तेजलच्या लग्नात. तवा तू चष्मा पुसत हुतीस.

आदी निरोप आईक. काल पुन्यात कॅमेरा झाला. डाक्टर म्हनले, आतडं आतनं भरून आलंय, आता कापायचं काय बी न्हाई. सुई चालू ठेवायची. तेजल तितंच माज्या गळ्यात पडली. मला बी रडू आलं, आकाशला बी आलं. तो आता लिहीना झालाय, पन मी त्याला सोडनार न्हाई.

त्या सांगावेवाल्या परथिनाचं तू लिवलेलं तेजलनं मला वाचून दाखवलं. समजलं. पेटीचं बी समजलं. मी चार दिस पडून हुते. मला वाटलं, माजा जीव का ग्येला न्हाई. जिला जपली तिलाच मी बुडवत हुते. दर खेपेला खोकं मांडीवर घिऊन मी मनात म्हनायची, माज्या पोरीला बरं वाटू दे. आन् त्यात काय बी उरल्यालं नसायचं. हे मला अजून सोसत न्हाई. खोटं कशाला बोलू.

पन तुमा दोघी बहिनींना येक सांगते, रागं भरू नका. चूक झाली त्याचं दुक येगळं, आन् माज्यापास्नं लपवलं त्याचं दुक येगळं. माजी आई मावळात लोकांच्या शेतावर राबायची. तिच्या हातचं पानी कुनी घ्यायचं न्हाई. कुनी कारन बी सांगायचं न्हाई. नुसता हात मागं घ्यायचं. मी पदर धरून उभी असायची, बगायची. तेजलनं काय बी न सांगता माज्या हातातलं काम काडून घेतलं, तवा मला त्येच आठवलं. ती माजी लेक हाय. तिच्या मनात तसलं काय न्हवतं, ते मला आता कळतंय. पन तवा कळलं न्हाई. म्हून म्हनते, मान्साची चूक आसंल तर त्येच्या तोंडावर सांगा. बोला, भांडा. हात मागं घिऊ नका.

आता आमी नवा फ्रिज घेतला, त्याला बॅटरी बी हाय. आतमदी लहान घड्याळावानी काटा हाय, गारवा किती ते दावतो. तो काटा मी सारखी बगते. तेजल हसती मला.

चौथ्या दिशी मी उठले तवा तेजलला म्हनले, लोनावळ्याच्या नर्सबाईकडं मला घिऊन चल. ती म्हनली, कशाला? मी म्हनले, चल तर. नर्सबाईनं मला शिकवलं. चिमटीत कसं धरायचं, तिरकी कशी घालायची, हळू कसं दाबायचं. संत्र्यावर करून बगितलं. लय संत्री वाया ग्येली.

परवा घरी सुईचा दिस हुता. आकाश हात धून आला, तर तेजल त्याला म्हनली, तू बाजूला हो. माज्या म्होरं येऊन बसली. मी सुई उचलली आन् परत ठिवली. म्हनले, न्हाई गं, माज्या हातनं नगं. तिनं ती उचलून माज्या हातात दिली. म्हनली, "तुमच्याच हातनं, आत्या."

मग दिली.

भागुबाई